सल्ला सदर : कीर्द आहे, खतावणी नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ४३. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी. घरी नवरा, नववीतली मुलगी आणि सासरे. दर वर्षी १ जानेवारीला नव्या डायरीत रोजनिशी लिहायला घेतात. गेल्या चार वर्षांच्या चार डायऱ्या कपाटात आहेत आणि एकही २५ जानेवारीच्या पुढे गेलेली नाही. त्या लिहितात, "रात्री डायरी उघडली की लिहिण्यासारखं काही घडलेलंच नसतं. ऑफिस, स्वयंपाक, झोप. लिहून कोण वाचणार आहे? आणि घरातल्यांनी वाचलं तर, हीसुद्धा भीती आहेच. त्यामुळे मनातलं मोकळेपणाने उतरत नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या सामानात दुधाचा आणि वाण्याचा हिशेब मांडलेली एक वही मिळाली. ती मी जपून ठेवली आहे. आपल्या मागे आपलंही असं काही राहावं असं वाटतं. पण माझ्यात चिकाटीच नाही. ही प्रेरणा टिकवायची कशी?"

ताई,

चिकाटी नाही, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय जी जागची उठत नाही, तिच्या चिकाटीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. तेव्हा प्रश्न स्वभावाचा नाही असं धरून चालू आणि तुमच्याच कामातलं एक उदाहरण घेऊ.

पतसंस्थेत रोजची कीर्द, म्हणजे त्या दिवसाच्या व्यवहारांची नोंद, लिहिली जाते. आता ती संगणकावर होत असेल, पण क्रम तोच आहे. आज मन लागत नाही म्हणून कीर्द राहिली असं होत नाही, कारण कीर्द पुढे कुठेतरी जाते. तिच्यावरून खतावणी होते, म्हणजे त्याच नोंदी खात्यांनुसार वेगळ्या मांडल्या जातात, मग तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी, मग ताळेबंद. सहा महिन्यांनी एखादा सभासद विचारायला आला तर त्याच नोंदी उघडून उत्तर दिलं जातं. तुमच्या डायऱ्यांचं मात्र कीर्दीपाशीच थांबलं. लिहिलं, मिटलं, कपाटात ठेवलं. लिहिलेली पानं परत वाचल्याचा तुमच्या पत्रात कुठेही उल्लेख नाही. ज्या वहीला कोणी काही विचारत नाही, ती भरायची ओढ तीन आठवड्यांत संपते. तुमचीच नाही, कोणाचीही संपेल. प्रेरणा लिहिण्याच्या आधी शोधू नका. ती मागचं वाचताना तयार होते. म्हणून वाचण्याची सोय आधी करायची आणि लिहिण्याची रीत तिला जुळेल अशी ठेवायची.

आधी त्या डायऱ्यांबद्दल. नव्या वर्षाच्या डायरीत प्रत्येक तारखेला एक अख्खं पान असतं. तुम्हाला लिहायच्या असतात चार ओळी, खाली वीस-एकवीस रिकाम्या राहतात आणि दिवस अपुरा गेल्यासारखा दिसतो. दोन दिवस चुकले की दोन कोरी पानं समोर येतात, चार दिवसांनी ती भरून काढायचं ओझं होतं आणि आठव्या दिवशी डायरीच उघडवत नाही. हा दोष छापील तारखांचा आहे. साधी रेघांची २०० पानी वही घ्या. तारीख हाताने घाला आणि कालची नोंद जिथे संपली त्याच्याच खाली, एक ओळ सोडून, आजची सुरू करा. मध्ये सहा दिवस गेले तरी वहीत भगदाड दिसत नाही. चुकलेले दिवस आठवून भरायला बसू नका. आठवून लिहिलेलं बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि ते काम शिक्षेसारखं वाटतं.

तारीख लिहिताना वर्ष आणि वार घालाच. "१२/७" एवढंच लिहिणारे पुष्कळ असतात. पंधरा वर्षांनी सुटी झालेली वही हातात आली की ती कोणत्या सालची, हे ठरवता येत नाही. तसंच माणसांचं. "मावशी येऊन गेल्या" हे आज तुम्हाला कळतं, तुमच्या मुलीला २०५० साली कळणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर दहा-बारा नावं नात्यासह एकदाच लिहून ठेवा : कोणती मावशी, कुठल्या गावची, कोणाची कोण.

आता "लिहिण्यासारखं काही घडत नाही" या तक्रारीकडे येऊ. तिच्यामागे एक समजूत आहे : रोजनिशी म्हणजे मोठ्या घटना किंवा खोल भावना. तुम्ही आईची जी वही जपून ठेवली आहे, तिच्यात यातलं काय आहे? दूध आणि वाणसामान. तरीही ती टाकून द्यावी असं तुमच्या मनातही आलं नाही. तिच्यात आईचं अक्षर आहे, त्या वेळचा साखरेचा भाव आहे, पाहुणे आले त्या आठवड्यात जास्त लागलेलं दूध आहे. ही जर तुम्हाला मोलाची ठेव वाटते, तर स्वतःच्या दिवसाला वेगळा नियम का लावता?

अमेरिकेत मेन प्रांतातल्या हॅलोवेल या गावी मार्था बॅलार्ड नावाची सुईण होती. तिने १७८५ पासून १८१२ पर्यंत, म्हणजे २७ वर्षं रोजनिशी लिहिली. हवा कशी होती, कोणाकडे बाळंतपणाला गेले, नदी कशी ओलांडली, किती मोबदला मिळाला, घरी किती सूत कातलं. बहुतेक नोंदी चार-दोन ओळींच्या. ८१६ बाळंतपणं तिने नोंदवली. वही घराण्यातून फिरत तिच्या खापरपणतीकडे आली, ती स्वतः डॉक्टर होती. आधीच्या काही अभ्यासकांना ही वही किरकोळ वाटली होती. पुढे लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंनी त्याच किरकोळ नोंदी एकमेकींना जोडून त्या काळच्या गावाचं, बायकांच्या कामाचं आणि वैद्यकीचं चित्र उभं केलं. त्या पुस्तकाला १९९१ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. आपल्याकडची जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शिवकाळातल्या घटनांची तिथीवार यादी, आठवा. एकेका घटनेला मोजके शब्द, शक, महिना, तिथी. शिवजन्माची "शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया" ही तिथी ठरवताना तिच्यातली नोंद महत्त्वाचा आधार ठरली. लिहिणाऱ्याने तिथे भावना मांडत बसण्याची गरज नव्हती. तिथी नेमकी लिहिली, हेच मोठं काम झालं.

नेमकेपणा म्हणजे काय, ते एका नोंदीवरून पाहू. समजा तुम्ही लिहिलंत : "आजचा दिवस फार धावपळीचा गेला. मनासारखं काहीच झालं नाही. थकले." सहा महिन्यांनी हे वाचलं तर हा दिवस बाकीच्या दोनशे दिवसांपेक्षा वेगळा काढता येणार नाही. आता त्याच दिवसाची दुसरी नोंद : "मंगळवार. सव्वाबाराला वीज गेली ती साडेतीनला आली, तोवर पावत्या हाताने केल्या. एक आजी मुदत संपण्याआधी ठेव मोडायला आल्या, नातवाची फी भरायची होती. सही करताना हात कापत होता, म्हणाल्या, 'अक्षर बी म्हातारं झालं बघ.' येताना चौकात बेंदराचे मातीचे बैल मांडलेले." यात थकवा हा शब्द नाही, पण दिवस पुरता आहे. लिहायला लागली चार मिनिटं. (तुमच्या नोकरीमुळे एक पथ्य पाळा : ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक, रक्कम घरच्या वहीत कधीही लिहू नका.)

रोज तीन ओळी पुरेत. एक पाहिलेलं, एक ऐकलेलं, एक मोजलेलं. यातलं ऐकलेलं सगळ्यात लवकर हरवतं, म्हणून ते शब्दाला शब्द लिहा. सासरे बोलता बोलता पिकाचा, अवजाराचा, नात्याचा एखादा शब्द वापरतात, जो मुलीच्या तोंडी आता येत नाही. तो त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवा. मोजलेलं म्हणजे काहीही : तूरडाळीचा भाव, सासऱ्यांचा रक्तदाब, सिलिंडर लावल्याची तारीख, मोगऱ्याच्या कळ्या. आकडा लिहायला मन लागावं लागत नाही, त्यामुळे ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवशी तोच हात धरून पुढे नेतो. तीन ओळींच्या वर लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच ओळींचा नियम. एक दिवस तीन पानं लिहून झाली की पुढच्या दिवशी तेवढंच लिहावं लागेल या धास्तीने वही बंद पडते. सुरुवातीच्या उत्साहात हीच चूक जास्त होते.

वेळ झोपण्याआधीची नको. त्या वेळी अंगात त्राण नसतं आणि वही अंथरुणापासून दूर असते. रोज न चुकता होणारं एखादं काम निवडा आणि लिहिणं त्याला बांधा. रात्री ओटा पुसून झाला की फडकं वाळत टाकायचं आणि तिथेच उभ्या उभ्या तीन ओळी लिहायच्या, असं जमू शकेल. वही आणि पेन त्याच जागी ठेवा, पेन दोऱ्याने वहीला बांधून. पेन शोधायला लागणारी दोन मिनिटंही सवय मोडायला पुरतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात ९६ जणांनी नाश्त्यानंतर, जेवणानंतर अशा ठरलेल्या वेळेला एक नवं काम जोडून पाहिलं. ते अंगवळणी पडायला मधल्या हिशेबाने ६६ दिवस लागले. पण कोणाला १८, तर कोणाला २५४ पडतील असं निघालं. तुम्ही दर वेळी विसाव्या-पंचविसाव्या दिवशी स्वतःला नापास करून मोकळ्या झालात, ही घाई झाली. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. १ जानेवारीची वाटही पाहू नका. कोणताही बुधवार चालतो.

आता खतावणी. सगळं अडलं आहे ते इथेच.

वही आणल्याबरोबर प्रत्येक पानाला वरच्या कोपऱ्यात हाताने क्रमांक घाला. २०० पानांना पाऊण तास लागतो, मुलीला मदतीला घ्या. शेवटची सहा पानं राखून ठेवा आणि त्यांवर मथळे लिहा : आजारपण, घरदुरुस्ती, मुलीचं, सासऱ्यांच्या आठवणी, खर्च, बाग, असे तुमच्या घराला लागू पडतील ते आठ-दहा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पंधरा-वीस मिनिटं काढून तो महिना पहिल्या ओळीपासून वाचा. हातात वेगळ्या रंगाचं पेन ठेवा आणि ज्या नोंदी पुढे लागतील त्यांचे पान क्रमांक मथळ्याखाली टाका : "आजारपण – ४, ९, १७". खतावणी तुम्हाला शिकवायला नको.

दोन-तीन महिन्यांत वहीला प्रश्न विचारता येतात. सिलिंडर किती दिवस पुरतो? पाण्याची मोटर मागच्या वेळी कोणी दुरुस्त केली आणि किती घेतले? तुमचं डोकं दुखलं ते चार दिवस कोणते, त्या दिवशी दुपारचं जेवण किती वाजता झालं होतं? डॉक्टर "कधीपासून?" असं विचारतात तेव्हा बहुतेक लोक "झाले असतील पंधरा दिवस" असं सांगतात. तुमच्याकडे तारीख असेल. एकदा अशी वही कामाला आली की रात्री ती उघडायला स्वतःला ढकलावं लागत नाही, उलट एखादी गोष्ट लिहायची राहिली तर चुकचुकल्यासारखं होतं. तुम्ही जिला प्रेरणा म्हणता ती हीच.

तीन महिने वही टिकली, तर पंचवार्षिक वहीकडे वळा. २०० पानी दोन वह्या घ्या. पहिलीत जानेवारी ते जून, प्रत्येक तारखेला एक पान. लीप वर्षाची २९ फेब्रुवारी धरून १८२ पानं लागतात, १८ उरतात. दुसरीत जुलै ते डिसेंबर, १८४ पानं, १६ उरतात. उरलेल्या पानांवर खतावणी. प्रत्येक पानाचे आडव्या रेघांनी पाच भाग करा, एकेका वर्षाला चार-पाच ओळी येतात. दुसऱ्या वर्षापासून आजची नोंद लिहिताना बरोबर तिच्या डोक्यावर गेल्या वर्षीचा तोच दिवस दिसतो, म्हणजे वाचन आपोआप घडतं. मात्र सुरुवातच या वहीने करू नका. पहिल्या वर्षी प्रत्येक पानाचा चारपंचमांश भाग कोरा असतो आणि लाभ दिसायला पूर्ण वर्ष जातं. तोवर तुमच्या चार डायऱ्यांचीच गत होईल.

"घरातल्यांनी वाचलं तर?" ही भीती खरी आहे आणि तिच्यावर कुलूप हा उपाय नाही, कारण कुलूप पाहिलं की कुतूहल वाढतं. दोन गोष्टी वेगळ्या करा. वही उघडी ठेवायची, त्यात कोणी वाचलं तरी चालेल एवढंच. सासऱ्यांना हवं तर एखादी ओळ सांगू द्या, मुलीला लिहू द्या. जे जळतं, टोचतं, कोणाला सांगता येत नाही, ते सुट्या कागदावर लिहा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, थांबायचं नाही, शुद्धलेखन पाहायचं नाही, आणि मग कागद फाडून टाका. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. पण लिहून झाल्या झाल्या त्यांचं मन जड झालेलं होतं. तेव्हा असं लिहिणं झोपायच्या तोंडावर नको आणि त्यानंतर लगेच घरात कोणाशी वादाचा विषय काढायला नको. तोच तो प्रसंग महिनाभर रोज कागदावर येत असेल आणि लिहून उतार पडत नसेल, तर लिहिणं थांबवून माणसाशी बोला. आईला जाऊन दोनच वर्षं झाली आहेत. गरज वाटली तर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी मदतवाहिनी मराठीतूनही बोलते.

मोडी लिपी शिकून त्यात लिहावं, असं काहींच्या मनात येतं. लिपी सुंदर आहे आणि चिकाटीने काही आठवड्यांत हाताला वळण येतं. पण ज्यांच्यासाठी मागे ठेवायचं त्यांनाच वाचता आलं नाही तर तुमचा हेतूच बाजूला पडतो. तुम्ही देवनागरीतच लिहा.

कागद-शाईचं थोडक्यात. शाळकरी वहीचा कागद पातळ असतो, शाईपेनाची शाई पलीकडे उमटते, म्हणून साधं बॉलपेन उत्तम. जेलपेनच आवडत असेल तर एक ओळ लिहून तासाभराने तिच्यावर ओलं बोट फिरवा, पसरली तर ते पेन बाद. खोडता येणारं पेन मुळीच नको. त्याची शाई उष्णतेने दिसेनाशी होते आणि उन्हात उभ्या गाडीत वही राहिली तर पानं कोरी होऊ शकतात. दुकानातली किंवा एटीएमची गुळगुळीत पावती वहीत चिकटवू नका, काही महिन्यांत तिच्यावरची अक्षरं उडतात. आकडा हाताने उतरवून घ्या. टाचण्या आणि पिना गंजतात, चिकटपट्टी पिवळी पडते, त्यापेक्षा खळ बरी, तीही पातळ. भरलेल्या वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्या की पावसाळ्यात आतल्या आत दमट होतात. कापडात गुंडाळून कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवा आणि दिवाळीच्या साफसफाईला पानं उलटून पाहा, कसर लागली असेल तर वेळेत कळते.

फोनवर लिहिणाऱ्या वाचकांनाही हीच रीत चालेल. मराठीत बोलून टंकता येतं, शोधही पटकन घेता येतो, त्यामुळे खतावणीचं अर्धं काम वाचतं. पण फोन बदलताना नोंदी जातात. सहा महिन्यांतून एकदा सगळं काढून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये घ्या, एक प्रत दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवा आणि वर्षाची एक प्रत छापून घ्या. शेतकरी वाचकांनी मोजलेल्या ओळीत पाऊस मिलिमीटरमध्ये आणि पेरणी, फवारणी, तोडणी यांच्या तारखा लिहाव्यात. दुसऱ्या हंगामात ही वही किती उपयोगी पडते हे त्यांना वेगळं सांगायला नको.

त्या चार डायऱ्या टाकू नका. जानेवारीची वीस-पंचवीस पानं चार वेळा, म्हणजे जवळजवळ शंभर दिवस तुमच्याकडे आधीच लिहिलेले आहेत, आणि ते चारही वर्षांचे तेच दिवस आहेत. येत्या रविवारी चारही डायऱ्या शेजारी शेजारी उघडा आणि चारही जानेवारींचे तेच तेच दिवस एका बैठकीत वाचून काढा. आई हयात होती तेव्हाचं एखादं पान त्यांत निघेल.

आणि नव्या वहीची पहिली नोंद काय करायची याची काळजी नको. आईच्या हिशेबाच्या वहीतलं कोणतंही एक पान निवडा, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि त्यावरच्या पाच ओळी आपल्या हाताने उतरवा. साखर किती, दूध किती, तारीख कोणती, आणि त्या दिवशी घरी कोण आलं असेल असं तुम्हाला वाटतं. मामा किंवा काका असतील तर फोन करून विचारा. ते जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत खाली लिहा, वार आणि वर्ष घालून.